जिभेवाल्याच्या मिरच्या

"अगं, वारा सुटलाय. त्यांना आत घे."

फोनवर ना जेवलीस का, ना काय चाललंय, थेट हुकूम. तिच्या तोंडात चार टाचण्या होत्या, मांडीवर दवाखान्याच्या हिरव्या पडद्यांचा ढीग होता आणि शिवणयंत्राच्या सुईखाली अर्धवट दुमडलेला काठ अडकून पडला होता. एकेक टाचणी काढून तिनं उशीला टोचली आणि विचारलं, "कोणाला आत घेऊ?"

"मिरच्यांना गं! गच्चीवर आहेत ना. फळं धरलेल्या कुंड्या आधी उचल, बाकीच्या मग."

"अहो, मी कामात आहे. पडदे उद्या सकाळी द्यायचेत."

"पडद्यांना वाऱ्यानं काही होत नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

असा संताप आला तिला! पण करते काय? एखादी फांदी मोडली असती तर हा माणूस घरी येऊन सुतक पाळल्यासारखा बसला असता. उठली, पदर खोचला आणि जिना चढून गच्चीवर गेली. एकेक कुंडी छातीशी धरून खाली आणताना मातीचं पाणी तिच्या कपड्यांवर सांडत होतं आणि ती त्या झाडांशी बोलत होती. जे बोलत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता हे सगळं कोणासाठी? तर अशा माणसासाठी, ज्याच्या घरात गेली पंचवीसेक वर्षं मिरची औषधालासुद्धा आली नव्हती.

नवरा चहाच्या कंपनीत चव घेणारा. लांबच लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग लावायची, चमचा बुडवायचा, फुर्र करून घोट ओढायचा, तोंडात घोळवायचा, पिंकदाणीत थुंकायचा आणि पुढच्या कपाकडे सरकायचं. ऐकणाऱ्याला किळस येईल, पण कोणत्या मळ्याचा चहा किती आणि कोणात मिसळायचा हे त्या फुर्रवर ठरायचं. कंपनीत त्याला सगळे जिभेवाले म्हणत आणि त्याला ते आवडे. आडनाव विचारलं तर बहुतेकांना सांगता आलं नसतं.

या जिभेचे लाड तिनं काय कमी केले? लग्न होऊन घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी तिला कळलं होतं की लसूण बंद, कांदा बंद, मिरची बंद, वासाचा साबण बंद. माहेरी ती भावंडांशी पैज लावून मिरच्या खाणारी पोर. इथे मात्र उकडलेल्या भाज्या आणि फिका भात. बहिणीकडे गेली की ती चोरून तिखटजाळ खायची आणि परतीच्या वाटेवर, पिऊन आलेल्या माणसानं तोंड धुवावं तशी खळखळून चुळा भरायची. तरी दारातच तो नाक वर करायचा. "लसूण?" बस्स, एवढंच. वर जेवताना रोजचं पालुपद ठरलेलं: "मीठ एक चिमूट जास्त झालंय." तिनं कधी म्हटलं की मला तर बरोबर लागतंय, तर हसून म्हणायचा, "तुझी जीभ जाड आहे गं. त्यात तुझा काही दोष नाही."

दोष नाही म्हणे!

आणि तोच माणूस वर्षाच्या सुरुवातीला, मोठ्या तापातून उठून कामावर जायला लागल्यावर, कुठून कुठून मिरच्यांचं बी मागवून बसला. साध्या नव्हेत. एकेका पाकिटावर ज्वाळा काढलेल्या. "शोभेसाठी लावतोय," म्हणाला. "दिसायला सुंदर असतात. डॉक्टरांनीच सांगितलंय, कशात तरी मन रमवा."

रमवा ना! पण माझ्या खोलीत का? घरातलं सगळ्यात चांगलं ऊन तिच्या शिवणाच्या खोलीत यायचं. तिथल्या खिडकीत आधी एक ट्रे आला, मग दुसरा, मग वर जांभळ्या दिव्याची नळी टांगली गेली. बी उगवायला ऊब लागते म्हणून तिची शेकायची पिशवी ट्रेखाली गेली. अंकुर फुटल्यावर देठ मजबूत व्हायला हवेत म्हणून पंखा रोपांकडे तोंड करून बसला आणि ती पाठीमागे घामाघूम होऊन यंत्र चालवत राहिली. कुंडीतल्या ओल्या मातीतून बारीक चिलटं उठायची आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या अस्तरावर जाऊन बसायची. खिडकीचे पडदे तर पहिल्याच आठवड्यात उतरले होते. झाडांना उजेड हवा. सगळ्या गल्लीला पडदे शिवून देणारी बाई, आणि तिच्याच घरात रस्त्यावरून जाणाऱ्याला आरपार दिसायचं. एका गिऱ्हाइकानं तोंडावर विचारलंसुद्धा, "तुमच्याच घराला पडदे नाहीत, ते कसं?" ती काय सांगणार? कपाळ!

रोपं वीतभर झाल्यावर त्यांना बाहेरच्या हवेची सवय लावायचा सोहळा सुरू झाला. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, मग कोवळं ऊन, आणि संध्याकाळी पुन्हा आत. सवय लावणारा माणूस दिवसभर ऑफिसात, म्हणजे नेआण कोणी करायची ते सांगायला नको. स्वतःच्या लेकीला बालवाडीत सोडताना याचा जीव एवढा वरखाली झाला नव्हता. काही झाडं गच्चीवर गेली. सगळ्यात जहाल जातीची, उशिरानं वाढणारी दोन तेवढी तिच्या खिडकीतच राहिली. घरात ना माशी, ना भुंगा. फुलं नुसतीच गळायला लागली. तेव्हा एका सकाळी तिचा विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश सापडेना. सापडला तो त्याच्या हातात. फुलाच्या मागे धरून तो घुर्र घुर्र करत होता.

"पराग हलायला हवा," तो म्हणाला, जणू काही हे प्रत्येक घरात चालतं.

"आणि मी दात कशानं घासू?"

"साधा ब्रश आहे की."

लेकीला फोन करून तिनं सगळं ओकलं. लेक लांबच्या शहरात, हसायला मोकळी. "आई, अगं बाबांना पहिल्यांदाच छंद लागलाय. लागू दे ना."

"छंद नाही, डोक्याला ताप आहे हा! तू येऊन उचल कुंड्या, मग सांग."

इथपर्यंत तिनं सोसलं. कुंड्या, चिलटं, पंखा, ब्रश, सगळं. पण गेल्या पंधरवड्यात जे दिसलं ते मात्र सोसण्यापलीकडचं होतं. ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तर हा पाठमोरा उभा. समोर कठड्यावर लहानशी फळी, तिच्यावर दाढीचं पातं आणि लालभडक मिरचीच्या कागदासारख्या पातळ चकत्या. एक चकती त्यानं जिभेवर ठेवली. मानेवर घाम फुटला, कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि हा शांतपणे उभाच.

"अहो!" ती ओरडली तशी फळी खाली पडली.

तिच्या ओरडण्याला कारण होतं. येत्या सोमवारी कंपनीचं वर्षाचं मुख्य मिश्रण ठरणार होतं. वर्षभर सगळ्या दुकानांतून जाणारा चहा त्या एका सकाळी, या एका जिभेवर ठरायचा. मालक स्वतः येऊन बसायचे. दरवर्षी त्याआधी महिनाभर तो साधी मिरीसुद्धा तोंडात घालत नसे, आणि यंदा जिभेला डाग देत बसला होता! ज्या जिभेवर घर चाललं, लेकीचं शिक्षण झालं, जिच्यासाठी हिनं आयुष्यभर फिका भात गिळला, ती जीभ हा असा पात्यानं कापलेल्या आगीला खाऊ घालत होता. त्या रात्री ती खूप भांडली. सोमवारपर्यंत एकाही मिरचीला तोंड लावणार नाही अशी शपथ तिनं त्याच्याकडून घेतली. त्यानं ती घेतली, पण तिच्याकडे न बघता. तिला ते खटकलं होतं.

तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून पहारा करत होती. मिरच्या मोजत नव्हती एवढंच.

वाऱ्याच्या त्या दिवशी कुंड्या आत आल्या, पडदे रडतखडत पुरे झाले, दवाखान्यात गेले. आणि रविवार उजाडला.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेच्या दोन मोठ्या बरण्या असायच्या, तोंडाला पातळ फडकं बांधलेल्या. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, तो उडून जावा म्हणून चहाचं पाणी रात्रभर उघडं ठेवायचं ही या घरातली जुनी रीत. या वर्षी शेजारी दुसरी बरणी आली, कारण मिरच्यांनाही म्हणे तसलंच पाणी सोसतं. दोन्ही बरण्या सारख्या, दोन्ही फडकी सारखी. तीही तिनंच एका कापडातून फाडलेली. "चिठ्ठी लावा एखाद्या बरणीला," असं ती शंभरदा म्हणाली असेल. "डावी चहाची, उजवी झाडांची, त्यात चिठ्ठी कशाला?" असं तो शंभरदा म्हणाला असेल. शनिवारी रात्री ओटा पुसताना तिनं बरण्या उचलल्या आणि पुन्हा ठेवल्या. कुठली कुठे, कोणाला ठाऊक.

रविवारी सकाळी तिनं डाव्या बरणीतलं पाणी उकळलं, चहा केला. घरात चहा कोराच, दूधसाखर नाही. तोही जिभेचाच हुकूम. त्याच्यापुढे कप ठेवला. त्यानं डोळे मिटले, फुर्र करून घोट ओढला, घोळवला, गिळला.

"छान," तो म्हणाला. "किंचित हलका आहे, पण स्वच्छ उतरलाय."

तिनं आपला कप तोंडाला लावला आणि धावत जाऊन मोरीत थुंकली. कडू! नुसता कडू नाही, खारट-कडू, गळ्याला ओरबाडणारा. जीभ आकसून गेली. तिनं उजव्या बरणीतलं पाणी तळहातावर घेऊन चाखलं. ते साधं, गोडं. मग डाव्या बरणीच्या तळाशी बघितलं, तर पांढरे बारीक खडे अजून विरघळत होते. झाडांची पानं पिवळी पडायला लागली की हा कसलंसं मीठ द्यायचा. पोट साफ व्हायला जुनी माणसं घ्यायची तेच. रात्री तिनं ओटा पुसायच्या आधीच त्यानं ते झाडांच्या बरणीत कालवून ठेवलं होतं, ढीगभर.

"शंभरदा सांगितलं होतं चिठ्ठी लावा!" ती गरजली. म्हणजे गरजायला तिनं तोंड उघडलं, आणि मागे वळली तर तो वर्तमानपत्र वाचत तोच चहा पीत होता. कप अर्धा झाला होता.

ओरडायचं राहूनच गेलं; तिनं बरणी परत ओट्यावर ठेवली.

हलका आहे, पण स्वच्छ. पाण्याच्या एका घोटावरून टाकी कधी धुतली ते सांगणारा माणूस. दूध उतू जायच्या आधी दुसऱ्या खोलीतून ओरडणारा माणूस. तिनं हळूच किटली उचलली, जवळ गेली आणि त्याचा कप पुन्हा भरला.

"अजून घ्या. हा दुसऱ्या मळ्याचा आहे. कसा वाटतो सांगा."

त्यानं घोट घेतला. फुर्र. "हा जरा दाट आहे. शेवटाला थोडा गोडवा." आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं कप खाली ठेवला.

"काय आहे यात?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच सांगा."

"मला नाही सांगता येणार."

"तुमच्या झाडांचं मीठ आहे. किटलीभर."

तो हसला नाही. कपात बघत राहिला. तिच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसायला लागली. ताप उतरल्यापासून "मीठ एक चिमूट जास्त" एकदाही ऐकू आलं नव्हतं. बहिणीकडून परत आल्यावर दारात नाक वर झालं नव्हतं. एकदा भाजी बुडाला लागली होती आणि हा मुकाट्यानं जेवून उठला होता. तिला वाटलं होतं, आजारपणानं माणूस सुधारला. सुधारला कसला!

"कधीपासून?"

"तापापासून. वास गेला, पाठोपाठ चव गेली. एका सकाळी चहा प्यालो आणि गरम पाणी प्यालो असं वाटलं. डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, येईल परत. नाहीतर नाही येणार."

"आणि ऑफिस? इतके महिने?"

"पानाचा रंग बघतो. पाण्याचा रंग बघतो. मळ्याचं नाव माहीत असतं, मागची वर्षं आठवतात. आणि शेजारी माझी सहायक चाखते ना, तिच्या तोंडाकडे बघतो. मीच शिकवलंय तिला. तिची भुवई कधी हलते ते मला कळतं."

"अरे देवा," ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "आणि मिरच्या?"

तेव्हा कुठे त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "कँटीनमध्ये एकदा भाजीतला मिरचीचा तुकडा चुकून तोंडात आला. मला रडूच आलं. सगळ्यांना वाटलं, झोंबली. अगं, तिखट ही चव नसतेच. ती आग असते. चव गेली तरी आग लागते. इतक्या दिवसांनी माझ्या तोंडात काहीतरी घडलं होतं. मग बाजारातल्या सगळ्या मिरच्या खाऊन बघितल्या. त्यांच्या वरच्या पायरीच्या मिळत नाहीत, म्हणून बी मागवलं. वाटलं, फळं लागेपर्यंत चव येईलच. नाही आली, तर त्यांच्या जाळानं तरी जागी होईल. रोज एक चकती ठेवतो. जाळ लागतो गं, चांगला लागतो. पण त्याच्या मागे काहीच नसतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं म्हणजे ते खरं झालं असतं."

तिला भयंकर राग आला. दया आली असती तर सोपं गेलं असतं, पण आधी रागच आला. या माणसासाठी ती महिनोन्‌महिने कुंड्या वाहत होती, चिलटं मारत होती, आणि हा मूग गिळून एकटाच आगीत उभा होता. तिला साधी हाक मारणं याला जमलं नव्हतं.

तो उठला, पिशवीतून तीन पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. उद्याचे नमुने. "तू चाखशील? नुसतं सांग मला, कुठला तुरट, कुठला गोड, कुठला शेवटाला रेंगाळतो. बाकीचं मी जुळवतो. एवढा एक सोमवार निघून जाऊ दे."

"माझी जीभ जाड आहे ना?"

"अगं, ते..."

"नाही, जाडच आहे. तुम्ही म्हणालात तेव्हा मी कधी नाही म्हटलं का? पण लबाडीसाठी ही जाड जीभ मिळणार नाही." तिनं तिन्ही पुड्या उचलून त्याच्या पिशवीत कोंबल्या. "उद्या जायचं आणि मालकांना सांगायचं. सगळं. आणि त्या मुलीला चाखू द्यायचं. तिच्या भुवयांवर किती दिवस काढणार आहात?"

"सांगितलं की संपलं गं. मग मी कोण?"

ती बरण्या धुवायला घेऊन गेली आणि त्या धुताना मोरीत एकटीच रडली. त्यानंतर दुपारभर त्याला चार-पाचदा घाईनं उठावं लागलं. मिठानं आपलं काम चोख केलं होतं. तिला हसू येत होतं आणि हसू आल्याचा राग येत होता.

सोमवारी तो गेला. दिवसभर तिच्या हातून एकही चूण सरळ पडली नाही. शिवलेलं उसवलं आणि पुन्हा शिवलं. वारा होता, पण कुंड्या आत घे म्हणून फोन आला नाही. तिनं मात्र नेम पाळावा तशा सगळ्या कुंड्या आत आणून ठेवल्या.

संध्याकाळी तो आला, चपला काढल्या, तसाच खुर्चीत बसला.

"सांगितलंत?"

"सांगितलं. मालक म्हणाले, सुट्टी घ्या. परत आलात की पानांच्या विभागात बसा, डोळे शाबूत आहेत ना. मिश्रण तिनं ठरवलं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "तिनं तिसऱ्या कपाला थुंकायच्या आधी मान हलवली. माझीच सवय. माझी पिंकदाणी आता तिच्या खुर्चीजवळ आहे."

तिनं पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेली. जाताना खिडकीतल्या झाडावरची एक मिरची तोडली. सगळ्यात जहाल जातीची, सुरकुतलेली, शेंदरी, बुडाला टोकदार शेपटी. या जातीचं पहिलं पिकलेलं फळ तेच; तो सोमवार उलटण्याची वाट बघत होता हे तिला ठाऊक होतं. पंचवीसेक वर्षांत पहिल्यांदाच तिनं या घराच्या कढईत लसूण टाकला, कांदा टाकला आणि त्या मिरचीचा नखाएवढा तुकडा टाकला. ठसका असा उठला की दोघंही वेगवेगळ्या खोल्यांत खोकत सुटली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसानं बिनपडद्याच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं. बघ बाबा, बघ.

दोघं जेवायला बसली. त्यानं पहिला घास घेतला. कान लाल झाले, कपाळावर घाम आला. तो थोडा थांबला आणि मग अगदी जुन्या सुरात म्हणाला, "मीठ एक चिमूट जास्त झालंय."

तिचा घास हातातच राहिला. क्षणभर, फक्त क्षणभर, तिच्या काळजात काहीतरी उडालं. मग तिनं भाजी चाखली आणि ताट पुढे सरकवलं.

"मीठ घालायलाच विसरलेय मी. आज माझं लक्ष होतं का कशात? कालच खोट्यावरून भांडलो ना आपण? मला बरं वाटावं म्हणून असलं काही बोललात तर ही भाजी तुमच्या डोक्यावर ओतीन."

तो खजील झाला, आणि मग हसला. तापानंतर तो असा हसला नव्हता. हसता हसता डोळे पुसले. ते मिरचीनं भरले होते की कशानं, तिनं विचारलं नाही.

"मग तूच सांग," तो म्हणाला. "काय लागतंय?"

"माझी जीभ जाड आहे."

"असू दे. घरात तेवढी एकच चालू आहे."

इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ती उठली, उरलेली मिरची आणि त्याचं ते पातं घेऊन आली. कागदासारखी एक चकती कापली आणि आधी नाकाशी धरली. थबकली. पुन्हा धरली.

"अहो, याला वास आहे."

"कसला वास?"

"फळाचा. पिकलेल्या जर्दाळूचा. आणि त्याच्या मागे कसलं तरी फूल आहे, नाव आठवत नाही. गोड वास आहे हो. इतका गोड!"

तो तिच्याकडे बघतच राहिला. बी रुजवण्यापासून फळ पिकेपर्यंत त्यानं त्या झाडाचं सगळं केलं होतं, आणि त्याला वास असतो हे त्याला माहीतच नव्हतं.

"जिभेवर ठेव," तो पुढे झुकून म्हणाला. "गिळू नकोस. आधी पुढे काय लागतं?"

"आधी गोड. खरंच गोड. मग थोडं आंबट, कडेला. मग... थांबा..." आणि मग ती आग आली. आधी घशात, मग कानांत, मग टाळूतून थेट डोक्यात. नाक वाहायला लागलं. ती टेबलावर हात आपटत उठली.

"आणि? मग काय? मागे काय राहतं?"

"कपाळ राहतं! पाणी द्या आधी!"

तो धावत ओट्याकडे गेला आणि तिथूनच ओरडला, "कोणत्या बरणीतलं?"

इतक्या जाळातही तिला हसू फुटलं. त्यानं आणलेलं पाणी तिनं आधी बोट बुडवून चाखलं आणि मगच प्यायली. आग काही विझली नाही. थोड्या वेळानं ती नाक पुसत परत बसली तर त्यानं दुसरी चकती नाकाशी धरली होती, डोळे मिटलेले.

"जर्दाळू म्हणालीस?"

"हो, जर्दाळू. पण कच्चा नाही, झाडावर पिकलेला, उन्हानं कोमट झालेला."

"आणि फूल?"

"थांबा, आठवते," ती म्हणाली आणि तिनं आणखी एक चकती कापली.